ठाकुर्लीहून पायी कल्याणला

मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण या दोन गजबजलेल्या स्थानकांच्या मध्ये ठाकुर्ली हे लहानसे स्थानक आहे. जलद गाड्या येथे थांबत नाहीत. धिमी लोकल क्षणभर थांबते आणि पुढे पाच-सहा मिनिटांत कल्याणात पोहोचते. लोहमार्गाने हे अंतर जेमतेम चार किलोमीटर आहे. ठाकुर्लीत राहून कल्याणच्या बाजारात दुकान चालवणारी कितीतरी कुटुंबे हे अंतर रोज पार करतात. वाटेत उल्हास नदीची खाडी अगदी जवळून वाहते, हे मात्र त्यांतील फार थोड्यांच्या ध्यानात असते.

अशाच एका कुटुंबातील वृद्ध शेटजींनी चाळीस वर्षे हा प्रवास लोकलने केला. कापडाचे दुकान आता चिरंजीवांच्या हाती आहे. शेटजी सकाळचे सामायिक, देवदर्शन आणि वाचन यांत रमतात. पोष दशमी होऊन चार-पाच दिवस झाले होते. उपाश्रयात मुक्कामास असलेल्या साध्वीजी महाराज साहेबांचा विहार रविवारी सकाळी कल्याणकडे ठरला. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की साधू-साध्वींची पावले पुन्हा वाटेला लागतात. कोकणपट्टीत त्यांच्या पदविहाराला सर्वांत अनुकूल असे हेच दिवस. शेटजींनी सोबत जाण्याचे ठरवले आणि चिरंजीवांनाही चलण्यास सांगितले. सातवीत शिकणारी नात आपणहून तयार झाली.

विहारास निघण्यापूर्वी मांगलिक झाले. पहाटेचे धुके अजून विरले नव्हते. मुंबईकरांच्या दृष्टीने ती कडाक्याची थंडी होती. नातीने कानटोपी घातली होती, शेटजींच्या अंगावर जाड शाल होती. साध्वीजी मात्र नेहमीच्याच शुभ्र वस्त्रांत, अनवाणी. रस्त्यावर पावलांपुढचे स्पष्ट दिसू लागल्यावरच त्यांनी पहिले पाऊल टाकले. त्यांच्या मागेपुढे चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घातलेले चार तरुण होते. विहारात वाहनांच्या धडकेने साधू-साध्वी दगावल्याच्या वार्ता अलीकडे वारंवार कानी येतात. म्हणून अनेक संघांतील तरुण पहाटे उठून ही सेवा करतात.

ठाकुर्ली पूर्वेकडून कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या नव्वद फुटी रस्त्याने मंडळी चालू लागली. डाव्या हाताला लोहमार्ग होता. एकामागून एक लोकल त्यावरून धडधडत जात होत्या.

“खाडी कोणत्या बाजूला आहे, दादाजी?” नातीने विचारले.

“रुळांच्या पलीकडे. अजून दिसायची नाही.”

रुळांच्या पलीकडे ठाकुर्लीचा जुना इतिहासही आहे. तेथे खाडीकाठी चोळ्याचे वीजघर होते. मुंबईत १९२५ साली विजेवर चालणारी पहिली गाडी धावली. त्यानंतर काही वर्षांतच घाट चढून पुणे आणि इगतपुरीकडे जाणाऱ्या मार्गांचेही विद्युतीकरण झाले. त्या गाड्यांना लागणारी वीज ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने येथे कोळशावर निर्माण केली. रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी वसाहत उभी राहिली. ‘बावन चाळ’ हे नाव आजही ठाकुर्लीकरांच्या तोंडी आहे. वीजघर केव्हाच बंद पडले. ठाकुर्ली हे गाव नकाशावर ठळक झाले ते मात्र त्या वीजघरामुळे आणि त्याच्या शेजारून वाहणाऱ्या पाण्यामुळे.

साध्वीजींची चाल पाहून नातीला नवल वाटले. त्या भरभर चालत होत्या, परंतु दृष्टी जमिनीवरच होती. मध्येच एक पाऊल थबकले आणि बाजूने पुढे पडले. तेथे मुंग्यांची रांग रस्ता ओलांडत होती.

“यालाच ईर्या समिती म्हणतात,” शेटजी हळूच म्हणाले. “पुढची साडेतीन-चार हात भूमी पाहूनच पाऊल टाकायचे. आपल्या चालण्याने कोणाला पीडा होऊ नये यासाठी.”

नात काही वेळ तसे चालून पाहू लागली. तोवर रस्त्याच्या कडेचे बारीकसारीक तिला दिसू लागले: दवाने भिजलेले गवत, कोणीतरी टाकलेली प्लास्टिकची पिशवी, गटाराच्या तोंडाशी जमलेला निळसर फेस. फेसाकडे तिने बोट केले. चिरंजीवांनी पाहिले, पण ते काही बोलले नाहीत.

कचोऱ्याच्या पुढे पत्रीपूल आला. लोहमार्गावरचा जुना पत्रीपूल १९१४ सालचा. धोकादायक ठरल्याने तो नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडण्यात आला. नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये वाहतुकीस खुला होईपर्यंत कल्याणकरांनी वाहनकोंडीचे मोठे हाल सोसले. आज सकाळी मात्र पूल मोकळा होता. भाजीचे टेम्पो तेवढे घाईने जात होते. पुलावर चढताच थंड वारा अंगाला लागला. खाली रुळांचे जाळे पसरलेले होते. मागे नेतिवलीची टेकडी उन्हात येत होती.

पूल उतरल्यावर साध्वीजींचा मार्ग सरळ शहरातील उपाश्रयाकडे जाणारा होता. शेटजींनी हात जोडून “मत्थएण वंदामि” म्हटले. “धर्मलाभ” असा आशीर्वाद मिळाला. तरुण मंडळी त्यांच्यासोबत पुढे गेली. शेटजी मात्र डावीकडे वळले.

“पप्पा, शहर इकडे आहे,” चिरंजीव म्हणाले.

“ठाऊक आहे. आज आपण खाडीच्या बाजूने दुर्गाडीवरून शहरात जाऊ. घाई कोणाला आहे?”

घाई चिरंजीवांनाच होती. जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याच्या कारखान्यात भागीदारीचा प्रस्ताव त्यांच्याकडे आला होता. दुपारी त्या मित्राशी बैठक ठरली होती. प्रकल्पाचा अहवाल चार दिवसांपूर्वीच घरी येऊन पडला होता. त्यात भांडवल, कच्चा माल, मजुरी, व्याज, घसारा हे सर्व व्यवस्थित मांडलेले होते, नफ्याचे प्रमाणही आकर्षक होते. शेटजींनी तो अहवाल दोनदा वाचला होता. तरी त्यांनी हो किंवा नाही काहीच सांगितले नव्हते.

वाटेत एका काळ्या प्रवाहाचा दर्प आला. नातीने नाकाला रुमाल लावला.

“ही वालधुनी,” शेटजी म्हणाले. “ही पण नदीच आहे, बेटा.”

वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखाने प्रसिद्ध असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर तिच्याच काठी आहे. ज्या नदीकाठी शिल्पकारांनी एवढे मंदिर घडवले, ती नदी अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण ओलांडून खाडीला मिळते तेव्हा तिच्याकडे पाहवत नाही. कारखान्यांचे रासायनिक पाणी आणि लाखो घरांचे सांडपाणी ती वाहून आणते. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. डोंबिवलीकरांना तर याची वेगळी साक्ष नको. जानेवारी २०१४ मध्ये तेथे हिरव्या रंगाचा पाऊस पडल्याची बातमी सर्वत्र गाजली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक भागातील रस्ता गुलाबी झाल्याचे साऱ्या राज्याने पाहिले.

गोविंदवाडीच्या रस्त्याने दुर्गाडीकडे जाताना इमारतींच्या फटींतून प्रथम तिवरांची हिरवी रेघ दिसली, मग पाणी दिसले. ओहोटी लागलेली होती. काठचा चिखल उघडा पडून उन्हात चकाकत होता. त्यावर ढोकरी निश्चल उभी होती, पांढरे बगळे सावकाश पावले टाकीत होते आणि शेपटी हलवीत एक तुतवार काठाकाठाने पळत होता. दूर पाण्यावर कुरवांचा थवा तरंगत होता. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे हे पाहुणे अजूनही या खाडीवर उतरतात. धुके विरत चालले आणि समोरच्या तीरावरचे कोन गाव हळूहळू स्पष्ट झाले. आकाश इतके निर्मळ होते की क्षणभर या पाण्याविषयीचे सारे ऐकलेले खोटे वाटावे.

शेटजी गणेश घाटाच्या पायऱ्यांवर टेकले. सूर्योदयापासून अठ्ठेचाळीस मिनिटे होऊन गेली होती. नवकारशीची वेळ झाली. त्यांनी मूठ वाळून नवकार म्हटला, पच्चक्खाण पारले आणि पिशवीतून उकळलेल्या पाण्याची बाटली काढली. दोन घोट घेतल्यावर ते नातीला म्हणाले, “सांग पाहू, हे पाणी कुठले?”

“घरचे.”

“घरी कुठून आले?”

नातीने नळाचे नाव घेतले. मग जरा थांबून समोरच्या पाण्याकडे पाहिले.

“होय. याच नदीचे.”

उल्हास नदी सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा प्रवास करून कल्याणपाशी येते. आंद्र नदीवरील धरणाचे पाणी भिवपुरीच्या वीजगृहात वीज निर्माण करून तिला मिळते. त्यामुळे उन्हाळ्यातही ती आटत नाही. बारवी धरणाचे पाणीही तिच्यात येते. कल्याणच्या आसपास काळू आणि भातसा यांचे पाणी घेऊन ती रुंद होते आणि येथून समुद्राची भरती-ओहोटी तिला हलवू लागते. कल्याण-डोंबिवलीला तिचेच पाणी मोहिली, बारावे, नेतिवली येथे शुद्ध करून पुरवले जाते. शहाड येथून ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरची तहानही ती भागवते. कारखान्यांना लागणारे पाणीही तिचेच. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले, तेव्हा या नदीचे नाव साऱ्या देशाने ऐकले. एरवी वर्षभर ती मुकाट्याने पाणी देत असते.

“म्हणजे वरून चांगले पाणी घ्यायचे आणि खाली घाण सोडायची?” नातीने विचारले.

चिरंजीवांनी आता प्रथमच तोंड उघडले. “तसे सरळ नसते, बेटा. कारखान्याचे पाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जाते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. नियम असतात.”

“असतात,” शेटजी म्हणाले. “तुझ्या अहवालात त्याचा खर्च कुठल्या सदरात आहे?”

चिरंजीव काही क्षण गप्प राहिले. “इतर खर्चात.”

“किती?”

त्यांनी आकडा सांगितला. शेटजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आयुष्यभर खतावणी पाहिलेल्या माणसाला कुठला आकडा खरा आणि कुठला जागा भरण्यासाठी घातलेला हे लगेच कळते.

“एवढ्या रंगाईला पाणी किती लागेल ते अहवालात आहे,” ते म्हणाले. “तेवढे पाणी स्वच्छ करायला एवढ्यात भागेल?”

“मित्र म्हणतो, काही पाणी टँकरने जाते.”

“कुठे जाते?”

याचे उत्तर चिरंजीवांपाशी नव्हते. खाली चिखलात एक बगळा चोच बुडवून काहीतरी शोधत होता.

शेटजींचे बालपण मुरबाड तालुक्यातील एका खेड्यात गेले होते. दुकानाच्या मागे विहीर होती. त्यांची आई पहाटे पाणी काढी, दुहेरी कापडाने गाळी आणि गाळल्यावर गाळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव फेकून देत नसे. गाळलेल्याच पाण्याने गाळणे अलगद उलटे धुऊन ते पाणी, म्हणजे जीवाणी, एका लहान बादलीत घेई. त्या बादलीच्या तळालाही कडी होती. बादली विहिरीत हळूहळू सोडली जाई आणि पाण्याला टेकली की दोरीच्या हिसक्याने उलटी होई. उंचावरून पडून जीवांना इजा होऊ नये म्हणून ही सारी काळजी. दुसऱ्या विहिरीत किंवा आडात ती रिकामी करणेही आईला मान्य नव्हते. ज्या पाण्याचे जीव, त्याच पाण्यात त्यांना पोहोचवायचे, असा नियम होता.

“शेजारचे लोक हसायचे,” शेटजी म्हणाले. “एक घागर पाण्यासाठी एवढे सोपस्कार! मलाही लहानपणी कंटाळा यायचा. आता वाटते, आईला व्यवहार आपल्यापेक्षा चांगला कळत होता. जे घेतले ते परत करताना घेतलेल्या जागेचे नुकसान करायचे नाही, एवढेच ते होते.”

चिरंजीव ऐकत होते. त्यांच्या घरी आज शुद्धीकरणाचे यंत्र आहे. जीवाणी हा शब्द त्यांच्या कानावर होता, परंतु त्यामागचा हिशेब कोणी असा मांडून सांगितला नव्हता.

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाची कथा आहे. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ सामान्य नव्हता. बारा कोटी सुवर्णमुद्रांपैकी चार कोटी त्याच्या निधानात, चार कोटी व्याजी लावलेल्या आणि चार कोटी घरवैभवात होत्या. पाचशे गाड्या परदेशगमनासाठी, पाचशे गाड्या स्थानिक वाहतुकीसाठी आणि त्याखेरीज जलवाहतुकीची जहाजेही होती. भगवान महावीरांनी त्याला व्यापार सोडण्यास सांगितले नाही. त्याने मर्यादा स्वीकारल्या. कोणता व्यापार श्रावकाने करू नये याची पंधरा कर्मादाने त्याच सूत्रात येतात. त्यांत विषवाणिज्य आहे, वनाचा नाश करणारे कर्म आहे आणि सर, द्रह, तडाग यांचे शोषण म्हणजे जलाशय आटवणे हेही आहे. प्रतिक्रमणात ही नावे आपण दर पंधरवड्याला म्हणतो. पण म्हणताना डोळ्यांसमोर क्वचितच एखादा खरा जलाशय येतो.

“आटवणे म्हणजे पाणी संपवणे ना, दादाजी? इथे तर पाणी भरलेले आहे.”

“शब्द आटवण्याचाच आहे, बेटा. त्यापलीकडचा अर्थ सांगण्याचा अधिकार महाराज साहेबांचा. पण ज्या पाण्यात मासा जगू शकत नाही ते जिवांच्या दृष्टीने भरलेले म्हणायचे की आटलेले, याचा विचार आपण करायला हरकत नाही.”

नात विचारात पडली. थोड्या वेळाने तिने आणखी एक प्रश्न विचारला. “आणि आपल्या घरचे पाणी? कपडे धुण्याचे, भांड्यांचे? तेही इथेच येते ना?”

या प्रश्नाने शेटजीही थबकले. कारखान्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. खाडीत येणाऱ्या सांडपाण्यात घराघरांचा वाटाही थोडा नाही, आणि त्या घरांत आपलेही घर आहे. पर्युषणात जलकायिक जीवांची क्षमा मागणारा श्रावक त्याच दिवशी किती साबण आणि किती रसायने मोरीत सोडतो, हे त्याचे त्यालाच ठाऊक. “बरोबर विचारलेस,” एवढेच ते म्हणाले.

घाटावरून उठून मंडळी दुर्गाडीच्या टेकाडाकडे निघाली. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. कल्याणच्या खाडीकाठी जहाजे बांधण्यास आरंभ झाला. मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास येथून सुरू होतो. किल्ला लहान आहे, बुरूज आणि तटाचे काही भाग उरले आहेत. दुर्गादेवीच्या मंदिरामुळे त्याचे दुर्गाडी हे नाव. नवरात्रात येथे मोठी जत्रा भरते. रविवारच्या सकाळी मात्र चार-दोन भाविक आणि फेरफटका मारणारे वृद्ध यांखेरीज कोणी नव्हते.

येथून खाडी पाहिली म्हणजे कल्याण हे मुळात बंदर होते हे पटते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या वृत्तांतात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा आहे. एके काळी ही कायदेशीर बाजारपेठ होती, पुढे सत्ता बदलल्यावर तेथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असे तो सांगतो. सहाव्या शतकातील कॉस्मस हा प्रवासी कल्याणहून निर्यात होणाऱ्या मालात तांबे आणि कापड यांची नोंद करतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची दाने कोरलेली आहेत. घाटावरचा माल नाणेघाट उतरून मुरबाडमार्गे येथे येई आणि जहाजांत चढे. १ मे १८५४ रोजी ठाण्याहून आगगाडी कल्याणला आली. त्यानंतर बोरघाट आणि थळघाट रेल्वेने ओलांडले. माल रुळांवर गेला. बाजाराने हळूहळू खाडीकडे पाठ फिरवली आणि स्थानकाकडे तोंड केले.

“आपले कापड तेव्हाही येथून जात होते तर,” चिरंजीव म्हणाले.

“कापड जात होते. आणि आपण मुरबाडहून आलो तोही त्याच वाटेने.” शेटजींनी खाडीच्या प्रवाहाकडे हात केला. “हे पाणी खाली ठाण्याला जाते. श्रीपाळ राजाची कथा आठवते का, बेटा?”

आयंबिलच्या ओळीत दरवर्षी ऐकलेली कथा नातीला पाठ होती. धवल शेठाने लोभापायी श्रीपाळाला समुद्रात ढकलले. नवपदांच्या आराधनेच्या बळावर तो तरून कोकणच्या किनाऱ्याला, ठाणे नगरीत लागला. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर याच परंपरेची आठवण सांगते. ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून भाविक त्याला ओळखतात. विनयविजयजी आणि यशोविजयजी या दोन उपाध्यायांनी रचलेल्या ‘श्रीपाळ रास’मुळे ही कथा घरोघरी पोहोचली.

“धवल शेठाकडे जहाजे खूप होती,” नात म्हणाली. “तरी त्याला श्रीपाळची पण हवी होती.”

यावर कोणी भाष्य केले नाही. चिरंजीव पाण्याकडे पाहत उभे होते. कडेला जलपर्णीचा एक मोठा पुंजका ओहोटीबरोबर खाली चालला होता. दुरून तो हिरवळीसारखा सुंदर दिसत होता. सांडपाण्यावर पोसणारी ही वनस्पती कल्याणजवळ नदीचा पृष्ठभाग झाकून टाकते आणि खालच्या पाण्याला प्राणवायू मिळू देत नाही.

दुर्गाडीवरून लाल चौकीमार्गे मंडळी शहरात शिरली. स्थानकाकडून येणाऱ्याला कल्याण प्रथम रिक्षांच्या रांगांतून आणि फेरीवाल्यांच्या हाकांतून भेटते. खाडीकडून येणाऱ्याला ते जुन्या वाड्यांच्या उरलेल्या भिंतींतून, तळ्याकाठच्या मोकळ्या हवेतून आणि अरुंद गल्ल्यांतून भेटते. सुभेदार वाडा, पारनाका, टिळक चौक ही नावे उच्चारली की जुने कल्याणकर आजही रमतात. १८६४ साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय या शहराला लाभले आहे. परदेशात जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली याच गावी झाला, हे शेटजींनी नातीला मुद्दाम सांगितले.

जिनालयात दर्शन झाले. केशराचा आणि धूपाचा सुगंध दरवळत होता. महाराज साहेब उपाश्रयात सुखरूप पोहोचल्याची वार्ता तेथेच मिळाली. बाहेर आल्यावर चिरंजीव जरा बाजूला झाले आणि त्यांनी मित्राला दूरध्वनी केला. नातीला अर्धेच ऐकू आले. बैठक दुपारी नको, असे ते सांगत होते. प्रक्रिया केंद्राचे सभासदत्वाचे कागद, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र आणि मागील वर्षातील टँकरच्या पावत्या आधी पाठव, असे त्यांनी शांतपणे दोनदा सांगितले. पलीकडून बराच वेळ बोलणे झाले. त्यांनी मध्ये एकदाच म्हटले, “नफा कमी झाला तरी चालेल. पण ते पाणी कुठे जाते हे मला स्वतः जाऊन पाहायचे आहे.”

शेटजींनी काही विचारले नाही. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी चप्पल झटकली. खाडीकाठचा चिखल अजून तळव्याला होता.

घरी परतण्यास उन्हाची वेळ झाली होती, म्हणून कल्याणहून धिमी लोकल घेतली. रविवार असल्याने डब्यात जागा होती. गाडी सुटताच नात आपणहून उजवीकडच्या खिडकीशी जाऊन बसली. पाच-सहा मिनिटांच्या त्या प्रवासात इमारती, तारा आणि मालगाड्यांच्या मधून क्षणभरच पाणी चमकले. या वेळी तिला खाडी कोणत्या बाजूला आहे हे विचारावे लागले नाही.